हद्द ओलांडताना मराठी कागदाचे काय होते?

भाषेचा प्रश्न म्हटला की सीमाभागातील मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तीन गोष्टी उभ्या राहतात : गावातील शाळा, रस्त्यावरची पाटी आणि कचेरीतून मिळणारा दाखला. या तिन्हींविषयी पुष्कळ लिहून झाले आहे आणि पुढेही लिहावे लागेल. आज आम्ही चौथ्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे संगणकात ठेवलेला मराठी कागद. तो एका यंत्रावर उघडतो आणि दुसऱ्यावर उघडत नाही, किंवा उघडतो पण वाचता येत नाही. हा अनुभव शहरातील माणसालाही येतो. पण शहरात शेजारच्या टेबलावर दुसरे यंत्र असते, फोन करून विचारता येईल असा जाणकार असतो. हद्दीपलीकडच्या गावात कागद उघडला नाही म्हणजे तो जणू नाहीच, असे होऊन बसते.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेस, सतवास हे तहसिलीचे गाव आहे. माळवा आणि निमाड यांचा शेजार असलेला हा मुलूख आहे. एका बाजूला पवारांचे देवास आणि धार, दुसऱ्या बाजूला होळकरांचे इंदूर. १८ व्या शतकात मराठी कुटुंबे या मुलखात आली आणि १९४८ साली संस्थाने विलीन झाल्यावरही त्यांतील पुष्कळशी इथेच राहिली. घरात मराठी, बाजारात माळवी, कचेरीत हिंदी, असा त्यांचा तीन पदरी संसार. महाराष्ट्राच्या हद्दीवर हे गाव नाही, पण सौंसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर येथील मराठी माणसाची जी अडचण, तीच येथील मराठी घराची. किंबहुना थोडी जास्तच, कारण जवळपास विचारायला कोणी नाही.

समजा, सतवासच्या एका घराचे मूळ गाव जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यात आहे. तेथे वडिलोपार्जित शेताचा एक तुकडा आहे आणि त्यावर वारस नोंद करायची आहे. तलाठ्याला वंशावळ हवी. वंशावळ घरात आहे. आजोबांनी ती हाताने लिहिली होती, आणि १९९० नंतरच्या दशकात थोरल्या काकांनी देवासच्या एका टायपिंगच्या दुकानात ती संगणकावर उतरवून घेतली होती. हाताने लिहिलेला कागद वाळवीने खाल्ला, फाईल मात्र जपून ठेवलेली. आता नातू ती फाईल व्हॉट्सॲपवरून रावेरच्या चुलतभावाला पाठवतो. चुलतभाऊ ती घेऊन सेतू केंद्रात जातो. यंत्रावर दिसतात इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस, टक्क्याचे चिन्ह. केंद्रातला मुलगा म्हणतो, ‘यात व्हायरस आहे.’ तसे काही नसते. पाच पिढ्यांची नावे त्या फाईलमध्ये धडधाकट बसलेली असतात. फक्त ती कोणत्या भाषेत नव्हे, तर कोणत्या क्रमांकांत लिहिली आहेत, हे त्या यंत्राला ठाऊक नसते.

हे क्रमांकांचे प्रकरण नीट समजून घेतले तर पुढचा सगळा गुंता सुटतो, म्हणून येथे आम्ही थोडे सविस्तर सांगतो. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. इंग्रजी अक्षरांचे आकडे फार पूर्वी ठरले आणि सगळ्यांनी ते मानले. १९९० च्या सुमारास देवनागरीत छपाई करण्याची गरज पडली तेव्हा फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक सोपी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या घरातच देवनागरी आकृती बसवायची. मध्य प्रदेशात आणि एकूणच हिंदी मुलखात जो अतिशय रुळला, त्या कृतिदेव फॉन्टमध्ये ‘सतवास’ लिहायचे तर इंग्रजी एल, आर, ओ, के, एल या कळा दाबाव्या लागतात. संगणकाच्या पोटात जे साठते तेही तेवढेच : १०८, ११४, १११, १०७, १०८. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने तो इंग्रजी मजकूरच. कृतिदेवचा चष्मा डोळ्यांवर असला की त्यात ‘सतवास’ दिसते, चष्मा काढला की एल, आर, ओ. ‘मराठी’ हा शब्दही तसाच. चष्म्याविना तो इ, जे, के, मोठा बी आणि एच एवढाच उरतो.

चष्मा एकच असता तरी निभावले असते. पण पुण्यात मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी होते, सी-डॅकचे आयएसएम होते, बंगलोरहून आलेले आकृती होते, घरोघरी शिवाजी फॉन्ट होता. प्रत्येकाने आपापल्या सोयीने आकृत्या वेगवेगळ्या घरांत बसवल्या. एका फॉन्टमध्ये जेथे ‘त’ आहे तेथे दुसऱ्यात अर्धा ‘श’ किंवा उकार. त्यामुळे फाईल पाठवताना फॉन्टही सोबत पाठवावा लागे, आणि फॉन्ट पाठवला तरी समोरच्याकडे तो बसवण्याची परवानगी असेलच असे नाही. मुद्रणालये, वर्तमानपत्रे, कचेऱ्या साऱ्यांनी हा जाच अनेक वर्षे सोसला.

यात केवळ व्यापाऱ्यांचा दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. त्या काळच्या संगणकात एका फॉन्टला जेमतेम २५६ घरे मिळत. देवनागरीतील स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे एवढ्या जागेत बसवणे म्हणजे एका खोलीत अख्खे वऱ्हाड उतरवण्यासारखेच. शिवाय ‘आकृती’ऐवजी ‘अक्षर’ साठवण्याचा भारतीय मार्ग तेव्हा उपलब्ध होता. आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या आणि पुढे सी-डॅकने वाढवलेल्या कामातून इस्की ही संकेतावली तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. तिच्यात ‘क’ला एकच आकडा होता, तो देवनागरीत दाखवायचा, कन्नडात की गुजरातीत, हे नंतर ठरवायचे. कल्पना सुरेख होती. परंतु सुबक छपाईसाठी लोकांना आकृत्यांचे फॉन्टच हवे होते आणि बाजाराने त्यांचीच निवड केली.

त्याच १९९१ साली जगभरच्या लिप्यांना एकाच वहीत जागा देणारे युनिकोड प्रथम प्रसिद्ध झाले. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. युनिकोडमध्ये ‘सतवास’ म्हणजे २३६०, २३४०, २३५७, २३६६, २३६०. हे आकडे देवासला तेच, रावेरला तेच, निपाणीला आणि न्यू जर्सीलाही तेच. फॉन्ट कोणताही लावा, अक्षर बदलत नाही, फक्त त्याचे वळण बदलते. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. पुढच्या विंडोज एक्सपीत मात्र भारतीय लिप्यांची सोय मुद्दाम सुरू करून घ्यावी लागे, आणि कित्येक कचेऱ्यांत ती कधी कोणी सुरू केलीच नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनाच्या कामासाठी युनिकोड हेच मानक ठरवले. आज साधा मोबाइलसुद्धा युनिकोडच लिहितो.

मग अडचण उरली कोठे? अडचण बोटांत उरली आहे आणि कपाटात उरली आहे.

बोटांची गोष्ट आधी. रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर शिकलेला माणूस कृतिदेव सोडत नाही, कारण त्याची कळरचना त्याच वळणाची आहे. युनिकोड म्हणजे सगळे नव्याने शिकणे, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी फार नुकसान झाले आहे. कोणती कळ दाबली हा एक भाग आणि पोटात कोणता आकडा साठला हा दुसरा. रेमिंग्टनच्याच कळा दाबून युनिकोड साठवता येते. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी जी संगणक प्रावीण्य परीक्षा घेतली जाते, तिच्यात हिंदी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्टबरोबर रेमिंग्टन गेल ही कळरचनाही असते. तेव्हा सतवासच्या टायपिंगवाल्याला ‘तुमची बोटे बदलू नका, फक्त साठवण बदला’ असे सांगता येते. तो ऐकेल. कारण युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर व्हॉट्सॲपवर तसाच चिकटवता येतो आणि एमपी ऑनलाइनच्या अर्जातही भरता येतो, हे त्याच्या धंद्याच्याच सोयीचे आहे.

कपाटातील गोष्ट अधिक अवघड आहे. १९९० ते साधारण २०१० या काळात संगणकावर उतरलेले मराठी कागद जुन्या फॉन्टांत अडकून पडले आहेत. संस्थांचे अहवाल, गावच्या वाचनालयाच्या याद्या, मंडळांचे ठराव, घरोघरच्या वंशावळी, सगळे. त्यांतील अक्षरे आकडे बदलून युनिकोडात आणणारी साधने आहेत, पण ती चालवण्यापूर्वी एक गोष्ट समजली पाहिजे. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. ‘कर्ज’ लिहिताना क, ज आणि शेवटी रफार. युनिकोडात क्रम उच्चाराचा असतो : आधी क, मग वेलांटी, क, मग र, मग ज. म्हणजे रूपांतर करणाऱ्या साधनाला नुसते आकडे बदलून भागत नाही, वेलांटी आणि रफार उचलून योग्य जागी नेऊन ठेवावे लागतात. हे चुकले की वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते किंवा एका ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत राहते.

आणि येथेच मराठीचा स्वतःचा प्रश्न उभा राहतो. कृतिदेवसाठी केलेली पुष्कळशी साधने हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत. हिंदीला ‘ऱ्य’ माहीत नाही. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांत किती फरक आहे, हे लग्नघरात कोणालाही विचारावे. हिंदी वळणाच्या साधनातून निघालेल्या मजकुरात हा फरक पुसला जाण्याचा धोका असतो. ‘दुसऱ्या पत्नीपासून झालेला मुलगा’ हा वंशावळीतला मजकूर ‘दुसर्या’ असा आला तरी कोणी हरकत घेणार नाही, हे खरे; पण पानभर असे शब्द आले की वाचणारा कारकून तो कागद अशुद्ध म्हणून बाजूला सारतो.

नावांचे तर विचारूच नये. महाराष्ट्रातील ‘काळे’ मध्य प्रदेशच्या शाळेत ‘काले’ होतात. ‘फडके’ यांच्या ड खाली नुक्ता बसतो आणि ते ‘फड़के’ होतात. माणसाच्या डोळ्याला हे एकच नाव वाटते आणि तोंडी कामकाजात ते एकच धरलेही जाते. संगणकाला ती दोन वेगळी नावे आहेत. त्याच्यापुढे आकडे असतात, आणि आकडे जुळले नाहीत की माणूस जुळत नाही. रावेरच्या उताऱ्यावर ‘फडके’, सतवासच्या शाळेच्या दाखल्यावर ‘फड़के’. मग प्रतिज्ञापत्र करा, मुद्रांक घ्या, नोटरीकडे जा. ज्या नुक्त्याने हा सगळा खर्च करायला लावला तो मराठी लिपीत मुळात नाहीच. म्हणून हद्दीपलीकडे दाखला काढताना नाव देवनागरीत जसे हवे तसे आधी मोबाइलवर टंकून ठेवावे आणि केंद्रचालकाला तेच चिकटवायला सांगावे. तोंडी सांगितलेले नाव तो आपल्या कानाने लिहितो.

युनिकोडनेही सगळे मिटवले असे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘ऱ्य’मधील अर्धा ऱ दोन रीतींनी लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. छापील पानावर दोन्ही सारखे दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र आकडा २००८ साली मिळाला. त्याआधीच्या कागदांत ते ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेले असते. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला याचा आनंद आम्हांलाही आहेच, पण अभिजात भाषेतला ‘दुसऱ्या’ हा शब्द एका फाईलमध्ये शोधला तर सापडतो आणि दुसऱ्या फाईलमध्ये सापडत नाही, याकडेही कोणी पाहावे.

बिघडलेली फाईल पाहताच ती टाकून देण्याची घाई करू नये. ती कशी बिघडली आहे यावरून रोग ओळखता येतो. पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसली तर जुना फॉन्ट तुमच्याकडे नाही एवढाच अर्थ. मजकुरावर टिचकी मारून वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव पाहावे. फॉन्ट यंत्रात नसला तरी नाव बहुधा फाईलमध्ये लिहिलेले असते, आणि ते कळले की अर्धे काम झाले. अक्षरे देवनागरी आहेत पण शब्द अर्थहीन आहेत, तर मजकूर एका जुन्या फॉन्टचा आणि चष्मा दुसऱ्याचा. ओळीने रिकामे चौकोन दिसले तर आनंद मानावा, कारण अक्षरे युनिकोडात शाबूत आहेत, फक्त लावलेल्या फॉन्टमध्ये त्यांच्या आकृत्या नाहीत. देवनागरीचा दुसरा फॉन्ट लावला की मजकूर परत येतो. डोक्यावर उलटी रेघ असलेला परका ‘ए’ पुनःपुन्हा दिसला, तर युनिकोड मजकूर यंत्राने पाश्चात्त्य संकेताने वाचला आहे. नावांच्या याद्या सीएसव्ही स्वरूपात पाठवल्या की एक्सेलमध्ये हे फार वेळा घडते. फाईल आत घेताना यूटीएफ-८ निवडले की बरे होते. मात्र शब्दांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटली असतील तर आशा सोडावी. साठवतानाच अक्षरे गेली आहेत. पाठवणाऱ्याकडून मूळ फाईल पुन्हा मागवणे हाच उपाय.

अक्षरांखेरीज फाईलच्या साच्याचाही प्रश्न असतो, पण तो तुलनेने किरकोळ. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या ऑफिसपासून वर्डच्या फाईलीचा साचा बदलला. जुन्या शेपटाची ‘डॉक’ फाईल नव्यात उघडते, नव्या शेपटाची ‘डॉकएक्स’ जुन्यात जोडसाधनाशिवाय उघडत नसे. त्या वेळी जगभर वादही झाला. सर्वांना खुला असा ओपन डॉक्युमेंट हा साचा २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला होता, आणि मायक्रोसॉफ्टच्या साच्यालाही मानक करावे की नाही यावरील मतदानात भारताने विरोधी मत दिले होते. तरी २००८ साली तोही मानक झाला. आज विनामूल्य मिळणारे लिबरऑफिस दोन्ही साचे उघडते. तक्ते थोडे सरकतात, ओळी इकडच्या तिकडे जातात, पान वाढते. मजकूर युनिकोडात असेल तर शब्द मात्र हरवत नाहीत. ज्या कागदाला फक्त पाहायचे आणि छापायचे आहे तो पीडीएफ करून पाठवावा. त्यात फॉन्ट आतच बांधलेला असतो. पण जुन्या फॉन्टमधील कागदाचे पीडीएफ केले म्हणजे तो वाचला असे समजू नये. डोळ्यांना ते सुंदर दिसते, त्यातील मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की पुन्हा एल, आर, ओ.

कोणी म्हणेल, दुकानदाराच्या आणि फॉन्टच्या भानगडीचा भाषेच्या हक्काशी काय संबंध? राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपल्या तक्रारीचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, केंद्रात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. जिल्ह्यात, तहसिलीत किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असेही धोरण ठरलेले आहे. सीमाभागातील लढे बरेचसे या १५ टक्क्यांभोवती फिरतात. सतवासला तेवढे प्रमाण भरण्याचा प्रश्नच येत नाही. तेथील मराठी माणसाच्या हाती ३५० वे कलम तेवढे उरते, म्हणजे आपल्या भाषेत निवेदन देण्याचा हक्क. निवेदन ईमेलने गेले आणि कचेरीतील यंत्रावर ते चिन्हांचा ढीग होऊन उघडले, तर अधिकाऱ्याने मराठी नाकारली असे म्हणता येत नाही. तो म्हणेल, ‘वाचता आले नाही,’ आणि ते खरेच असेल. उलट कन्नोद किंवा देवासच्या कचेरीतील यंत्रात हिंदीसाठी देवनागरी आधीच आहे. युनिकोडातील मराठी अर्जाला तेथे वेगळे काही लागत नाही. बेळगाव-बिदरकडील वाचकांनीही हे ध्यानात घ्यावे. कर्नाटकाने कन्नडसाठी नुडी हे सॉफ्टवेअर रूढ केले, आणि कन्नडलाही जुन्या फॉन्टांचा हाच जाच सोसावा लागला. पण युनिकोडात सर्व लिप्या एकाच वहीत असल्यामुळे, ज्या नव्या यंत्रावर युनिकोड कन्नड दिसते त्यावर देवनागरीही दिसते. ‘आमच्याकडे मराठी फॉन्ट नाही’ हे उत्तर आता ऐकून घेण्याचे कारण उरलेले नाही.

आपल्या कागदांवर अशी वेळ पहिल्यांदाच आली आहे असेही नव्हे. मराठेशाहीचे माळव्यातील कागद मोडीत आहेत. सनदा, हिशेब, वतनाची पत्रे, खाजगी पत्रव्यवहार, सगळे. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरचेच कागद घरच्यांना परके झाले. भाषा तीच, घराणे तेच, कागदही समोर, आणि वाचता येईना. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी केवढी मागणी आली, हे सर्वांनी पाहिले. मोडीला युनिकोडात स्थान मिळाले ते २०१४ साली. पण मोडीचे जाणकार अजून आहेत, वर्ग चालतात, पुस्तके आहेत. १९९५ सालच्या एखाद्या फॉन्टचे वर्ग कोणी घेत नाही. तो बनवणारी कंपनी बंद पडली आणि तो वापरणारा टायपिंगवाला वारला की त्या फाईली मोडीहूनही मुक्या होतात. शंभर वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचणारा आज सापडतो, आणि तीस वर्षांपूर्वीची संगणकातील वंशावळ वाचणारा सापडत नाही, असा हा उफराटा प्रकार आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी, मंडळात किंवा वाचनालयात अशा जुन्या फाईली असतील त्यांनी ते काम पुढे ढकलू नये. फ्लॉपी असेल तर ती आधी वाचवून घ्यावी, कारण फ्लॉपी वाचणारे यंत्र आता दुर्मिळ झाले आहे आणि फ्लॉपीही कायम टिकत नाही. जेथे छापील प्रत शिल्लक आहे तेथे ती फेकू नये. रूपांतर बरोबर झाले की नाही हे ताडून पाहायला तीच उपयोगी पडते. मूळ फाईल तशीच ठेवावी, रूपांतर दुसऱ्या नावाने करावे, आणि फाईलच्या नावातच जुन्या फॉन्टचे नाव लिहून ठेवावे. जमिनीचे आणि ओळखीचे कागद इंटरनेटवरील कोणत्याही अनोळखी फुकट रूपांतरकाला देऊ नयेत. ते कोठे जाऊन पडतात हे आपल्याला कळत नाही. यंत्रावर उतरवून घेऊन चालवता येणारे साधन शोधावे, किंवा कागद लहान असेल तर सरळ पुन्हा टंकून घ्यावा. दहा पानांची वंशावळ दोन दिवसांचे काम आहे.

रूपांतर झाल्यावर चार गोष्टी तपासाव्यात : वेलांट्या, रफार, ऱ्य आणि ळ. त्यानंतर नावे. ही नावे घरातील सर्वांत वडील माणसाला मोठ्याने वाचून दाखवावीत. ‘बाळकृष्ण’चा ‘बालकृष्ण’ झाला असेल तर यंत्राला त्यात चूक दिसणार नाही, कारण दोन्ही नावे खरी आहेत. आपल्या घरात कोणते होते, हे आजीच सांगेल. आणि ती सांगेल तेव्हाच ते फाईलमध्ये दुरुस्त करून, तारीख घालून, एक प्रत रावेरला आणि एक प्रत सतवासला ठेवावी.